हायडेलबर्ग : आगीतून वाचलेले घर

ओडेनवाल्डच्या डोंगरांतून बाहेर पडून नेकार नदी जिथे ऱ्हाइनच्या सखल प्रदेशात उतरते, तिथे डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर हायडेलबर्गचे जुने शहर वसलेले आहे. १३८६ साली स्थापन झालेले इथले विद्यापीठ आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने होय. मात्र एवढ्या जुन्या शहरात सतराव्या शतकापूर्वीची घरे फारशी आढळत नाहीत, आणि त्याचे मूळ एका लग्नात आहे.

इथल्या इलेक्टरची, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राज्यकर्त्याची, कन्या एलिझाबेथ शार्लोट हिचा विवाह १६७१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाशी झाला. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला, तेव्हा लुईने भावजयीच्या नावाने इथल्या मुलखावर वारसाहक्क सांगितला. पुढे पेटलेल्या युद्धात फ्रेंच फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये हायडेलबर्ग उद्ध्वस्त केले. जिच्या हक्काचे निमित्त झाले, तिचेच माहेर जळाले. तिच्या पत्रांतून ते दुःख आजही वाचायला मिळते.

त्या आगीतून जी थोडी घरे वाचली, त्यांत पवित्र आत्म्याच्या चर्चसमोरचे ‘त्सुम रिटर’ हे प्रमुख. धर्मछळामुळे परागंदा झालेल्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबातील कापडव्यापारी शार्ल बेलिए याने ते १५९२ मध्ये बांधले. त्याची दगडी दर्शनी भिंत सावकाश पाहण्याजोगी आहे. खाली बेलिए दांपत्याच्या कोरीव प्रतिमा दिसतात, वर वेलबुट्टीची वळणे घेत निमुळती होत जाणारी शिखरभिंत आहे आणि अगदी माथ्यावर, ज्याच्यावरून या घराचे नाव पडले, त्या शूर सरदाराचा अर्धपुतळा आहे. मध्ये लॅटिनमध्ये बायबलच्या स्तोत्रसंहितेतील वचन कोरले आहे : परमेश्वर घर बांधीत नसेल, तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ होत. नगरभवन जळाल्यावर काही वर्षे शहराचा कारभार याच घरातून चालला. नंतर इथे खानावळ आणि उतारूंची सोय झाली, आणि पुढे त्याचेच हॉटेल झाले. आश्रयाला आलेल्याच्या घराने शहरालाच आश्रय द्यावा, याहून मोठा मान एखाद्या वास्तूला क्वचितच मिळत असेल.

भोवतालचे शहर मात्र जुन्याच गल्ल्यांच्या आखणीवर, बरोक शैलीत पुन्हा उभे राहिले. १७८४ च्या पुरात वाहत आलेल्या बर्फाने नदीवरचा जुना पूल मोडला, तेव्हा आजचा दगडी पूल बांधण्यात आला. १८४० मध्ये रेल्वे आली, तसे दूरदूरचे प्रवासी येऊ लागले, आणि १८६५ मध्ये ‘ऑयरोपेइशर होफ’ हे मोठे हॉटेल सुरू झाले.

मराठी अभ्यासकांची हायडेलबर्गशी ओळख वेगळ्या वाटेने आहे. खंडोबा आणि धनगरांच्या दैवतांवर आयुष्यभर संशोधन करणारे गुंथर सोन्थायमर येथील दक्षिण आशिया संस्थेत प्राध्यापक होते. जेजुरीच्या वाऱ्या करून, धनगरांच्या तोंडच्या ओव्या टिपून घेऊन ते नेकारकाठच्या या विद्यापीठात परतत, आणि ते मौखिक धन तिथल्या विद्यार्थ्यांपुढे मांडीत.