आधी मोजे, मग चेंडू

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘जॉन वुडन यांची शिकवण्याची रीत’. रीतीवर मी येणारच आहे. पण समोरच्या दोन रांगांत मुलंमुली सरावावरून थेट खेळाच्या बुटांतच आलेली दिसतायत, तेव्हा आधी बुटांचंच बोलतो.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात वुडन सर १९४८ ते १९७५ बास्केटबॉल शिकवत होते. शाळेतच देशभर नाव झालेली मुलं त्यांच्याकडे यायची. ल्यू अल्सिंडर घ्या, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, सात फुटांच्या वर उंची. बिल वॉल्टन घ्या. या मुलांना वाटायचं, आता सर काहीतरी गुपित सांगणार. आणि सर सांगायचे मोजे कसे घालायचे ते. मोजा बोटांपासून ओढत आणायचा. करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून बघायचं, एकही सुरकुती राहता कामा नये. बूट चढवताना मोजा वरून ताणून धरायचा. नाडी एकेका भोकातून आवळत आणायची आणि दुहेरी गाठ मारायची. का? सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, आणि सराव बुडालेला मुलगा सामन्यात कामाचा नाही.

हसू नका. माझी एक विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात दुसऱ्या सत्रात लंगडायला लागली. मी बाहेरून ओरडलो, ‘सहन कर!’ सामना संपल्यावर तिनं बूट काढला, तर टाचेची साल निघून मोजा रक्तानं चिकटलेला. बूट नवे होते, दोन माप मोठे, मोठ्या भावाचे. वर्षभर ती माझ्यासमोर पळत होती आणि मी एकदाही तिच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वुडन सरांबद्दल मी पुढे जे जे वाचलं, ते त्या टाचेपायी वाचलं.

आता दुसरी गोष्ट. हे गृहस्थ मूळचे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे, १९१० चा जन्म, शेतकऱ्याचा मुलगा. इंग्रजीचे शिक्षक. शाळेत व्याकरण आणि कविता शिकवायचे. हे लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे. १९४७ साली ते इंडियानातल्या एका शिक्षक महाविद्यालयाचे प्रशिक्षक होते. संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण नियम असा की कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाही. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा मुलगा होता. तो काही पहिल्या पाचांत नव्हता, राखीव होता. वुडननी बोलावणं परत केलं. राखीव मुलासाठी, मंडळी! पुढच्या वर्षी नियम बदलला, वॉकर खेळला आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला.

त्याच वर्षी त्यांच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या, मिनेसोटा विद्यापीठ आणि यूसीएलए. मन मिनेसोटाकडे, कारण इंडियानासारखंच तेही मध्यपश्चिम अमेरिकेतलं, माणूस त्याच मुलखातला. दोन्हीकडून एकाच संध्याकाळी फोन यायचे होते. मिनेसोटाचा आधी यायचा होता, पण हिमवादळानं तारा पडल्या. यूसीएलएचा वेळेवर आला, सरांनी हो म्हटलं. तासाभरानं मिनेसोटाचा फोन लागला. सर म्हणाले, शब्द दिलाय. तीन वर्षांचा करार त्यांनी स्वतः हट्टानं मागून घेतला होता. दोन वर्षांनी त्यांचं जुनं विद्यापीठ पर्ड्यू बोलवायला लागलं, तेव्हा यूसीएलएनं तोच करार दाखवला. सर थांबले.

आणि कुठे थांबले? तालमीला जागा म्हणजे जुनी व्यायामशाळा, तिथंच कुस्ती, तिथंच जिम्नॅस्टिक्स. आखाड्याच्या धुळीनं फरशी माखलेली असायची. सर स्वतः रोज ती पुसून घ्यायचे. घरचं मैदान नीट नाही म्हणून यजमान सामने दुसऱ्यांच्या सभागृहांत. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४ साली. मोजा! सोळावा हंगाम. ते धरून बारा वर्षांत दहा विजेतेपदं, सलग ८८ विजय, सगळं जग ते सांगतं. मला आधीची पंधरा वर्षं सांगायची आहेत.

कारण आपल्याकडे ती पंधरा वर्षं कुणाला मिळतात? मी पहिली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली. उन्हाळ्यात पगार नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. एका महाविद्यालयात मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, ‘ढाली किती आणल्यात?’ मुलं किती येतात, मुली मैदानावर का येत नाहीत, याची कुणाला पडली नव्हती. दुसऱ्या वर्षी ढाल आली नाही, माझ्या जागी दुसरे आले. ज्या मुलांना मी नुकतं पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून फिरणं, शिकवलं होतं, त्यांना नव्या सरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पोराचं आणि शिक्षकाचं नातं जुळायला दोन वर्षं लागतात हो. मला आजही त्याचा राग येतो. आज या व्यासपीठावर संस्थाचालक बसलेत, म्हणून मुद्दाम इथेच सांगतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं, आता रीत.

१९७४-७५ च्या, म्हणजे सरांच्या शेवटच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला वही घेऊन बसले. पंधरा सरावांत सरांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती त्यांनी नोंदवल्या. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश कृती म्हणजे निव्वळ माहिती होती. काय कर, कसं कर, पाय कुठे ठेव. शाबासकी शेकडा सात, रागावणंही तेवढंच. भाषण नाहीच, एक सूचना क्वचितच वीस सेकंदांच्या वर. चूक झाली की सर बरोबर करून दाखवायचे, मग मुलानं केलं तसं दाखवायचे, मग पुन्हा बरोबर. तीन-चार सेकंदांत सगळं. मुलाला चूक डोळ्यांनी दिसते आणि शेवटी मनात बरोबर तेच राहतं.

याच्या मागे सकाळची मेहनत. दोन तासांच्या सरावाची आखणी करायला साहाय्यकांसह जवळजवळ तेवढाच वेळ. छोट्या कार्डावर मिनिटामिनिटाचा हिशोब, आणि जुन्या वर्षांच्या वह्या जपून ठेवलेल्या, गेल्या साली याच आठवड्यात काय घेतलं ते बघायला. समजावणं, दाखवणं, करवून घेणं, दुरुस्त करणं, आणि घोटून घेणं. हा इंग्रजीच्या मास्तरचा पाठ आहे, वर्गातला. त्यांनी तो लाकडी फरशीवर आणला, एवढंच. जिंकण्याबद्दल ते मुलांशी फारसं बोलतच नसत.

नागपाड्याच्या मैदानावरून अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार निघाला, ते मला बोलायचं होतं. राहिलं. घंटा वाजली.

पहिल्या दोन रांगांनी जाऊ नका. पिशवीत मोज्यांचे जोड आणलेत. बूट काढून इथे पुढे या, करंगळीपासून सुरुवात करू.