साठ आकडे

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप असेल, तर ज्याच्याशी रोज बोलता अशा एखाद्या माणसाची माहिती उघडा आणि 'एन्क्रिप्शन' लिहिलंय तिथे बोट ठेवा. ६० आकडे दिसतील. पाच-पाचांचे बारा गट. हेच आकडे त्या माणसाच्या फोनवरही दिसायला हवेत. दोघांनी शेजारी बसायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवत ताडून बघायचं. सगळे जुळले की समजायचं, आपल्या दोघांच्या मध्ये तिसरं कोणी बसलेलं नाही.

हे आकडे दोन्ही फोनमध्ये तयार झालेल्या डिजिटल किल्ल्यांवरून निघतात. एन्क्रिप्शन म्हणजे संदेशाचं कुलूप. ते तुमच्या फोनमध्ये लागतं आणि समोरच्याच्याच फोनमध्ये उघडतं. मधली कंपनी नुसतं बंद पाकीट वाहून नेते. आत काय लिहिलंय, ते तिलाही वाचता येत नाही.

आणि वाद नेमका इथेच आहे. अनेक देशांची सरकारं म्हणतात, कायदेशीर आदेश घेऊन आलो, तर ते पाकीट आम्हाला उघडता आलं पाहिजे.

ही मागणी मी उडवून लावणार नाही. पळवून नेलेलं मूल असतं, लहान मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं फिरवणारी टोळी असते. तपास अधिकाऱ्याच्या हातात आदेश असतो आणि समोर कुलूपबंद फोन. त्याची तडफड खरी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत १४ माणसं गोळीबारात मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन उघडता यावा म्हणून एफबीआयनं अ‍ॅपलकडे खास सॉफ्टवेअर मागितलं. अ‍ॅपलनं नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी मार्च २०१६ मध्ये बाहेरच्या कुणाची तरी मदत घेऊन एफबीआयनं तो फोन उघडला आणि खटला तिथेच थांबला. प्रश्न मात्र सुटला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पोलिसांसाठी ठेवलेलं दार फक्त पोलिसांसाठीच उघडेल, अशी व्यवस्था आजवर कुणालाही करता आलेली नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही.

२००४ सालच्या ऑगस्टमध्ये अथेन्सला ऑलिंपिक भरलं. त्याच सुमाराला ग्रीसच्या पंतप्रधानांचा मोबाईल कुणीतरी ऐकत होतं. मंत्र्यांचे, बड्या अधिकाऱ्यांचे, मिळून शंभराहून जास्त फोन. ऐकणाऱ्यांनी एकाही फोनला हात लावला नव्हता. मोबाईल कंपनीच्या एक्स्चेंजमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, सरकारी आदेश आला तर संभाषण ऐकता यावं म्हणून एक सोय आधीच घालून ठेवलेली होती. घुसखोरांनी ती गुपचूप चालू केली. पंतप्रधान बोलू लागले, की त्याच क्षणी त्या बोलण्याची दुसरी प्रत भलत्याच एका मोबाईलवर जायची. हे कित्येक महिने चाललं. उघडकीला आलं तेही अपघातानं: काही लोकांचे एसएमएस पोचेनात, म्हणून तंत्रज्ञ शोधायला बसले आणि त्यांना तिथे परका प्रोग्राम सापडला. हे कुणी केलं, याचा धागा लागायलाही पुढे कितीतरी वर्षं गेली. देशाच्या पंतप्रधानांना जे दार राखता आलं नाही, ते तुमच्या-माझ्यासाठी कोण राखणार?

त्यानंतर वीस वर्षांनी अमेरिकेत तेच झालं. तिथल्या १९९४ च्या कायद्यानं फोन कंपन्यांना अशी सोय ठेवणं बंधनकारक आहे. २०२४ मध्ये उघड झालं, की 'सॉल्ट टायफून' या चीनशी संबंधित टोळीनं मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांत शिरकाव केलाय, आणि त्यात न्यायालयीन आदेशानं फोन ऐकण्याची यंत्रणाही आली. त्या डिसेंबरात अमेरिकी सरकारच्याच अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, एन्क्रिप्टेड अ‍ॅपवरून बोला.

काही जण म्हणतात, कुलूप तोडायलाच नको. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतल्या दोन वरिष्ठ तज्ज्ञांनी सुचवलं होतं, की संभाषणात कंपनीनं गुपचूप आणखी एक माणूस बसवावा आणि त्याची सूचना कुणाला जाऊ देऊ नये. ऐकायला सौम्य वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की तुमच्या फोननं तुमच्याशीच खोटं बोलायचं. जुळलेल्या ६० आकड्यांवर मग विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

'कर नाही त्याला डर कशाला,' असं पुष्कळ लोक मला ऐकवतात. मला अशा वेळी मारकुट्या नवऱ्याच्या घरातून निघायची तयारी करणारी बाई आठवते. ती रात्री पांघरुणात फोन धरून बहिणीला लिहिते, कुठल्या दिवशी, किती वाजता, मुलाला कुठून उचलायचं. तिनं कसला गुन्हा केलाय? आणि तिचा नवरा पोलीस खात्यातच नोकरीला असला तर?

पोलिसांचे हात अगदीच बांधलेले नाहीत. कोण कुणाशी, केव्हा बोललं, फोन कुठल्या टॉवरजवळ होता, ही माहिती त्यांना मिळू शकते. संभाषणातला एखादा माणूस स्वतःचा फोन त्यांना दाखवू शकतो. आदेश घेऊन ठराविक संशयिताचा फोन जप्त करून तपासता येतो. तरीही काही फोन बंदच राहतील, काही तपास अडतील. ही किंमत लहान आहे, असं त्या पळवून नेलेल्या मुलाच्या आईला मी सांगू शकणार नाही. एका संशयिताच्या फोनसाठी एक आदेश, हे मला मान्य आहे. त्याच्यासाठी कोट्यवधी लोकांची कुलपं आधीच कच्ची करून ठेवणं मान्य नाही.

आज जवळचं कुणी घरी असेल, तर दोघं मिळून ते आकडे एकदा वाचा. घाई करू नका, बाराव्या गटापर्यंत जा.

नमस्कार.