रस्ता करायला पैसा येतो, राखायला येत नाही

(दृश्य: भर रस्त्यात उभा ट्रॅक्टर, फावड्यानं खड्ड्यात खडी टाकणारे मजूर)

हे पॅचवर्क बघा. खड्ड्यात चिखल तसाच, पाणीसुद्धा पूर्ण काढलेलं नाही, वरून डांबर लावलेली खडी ओतली, फावड्याच्या पाठीनं थोपटली आणि निघाले पुढच्या खड्ड्याकडं, रोलर कुठंच नाही. गणपती तोंडावर आले की मराठवाड्यातल्या शहरांत हे चालू होतं. खरं तर खड्डा आधी चौकोनी कापायचा असतो, आतली माती झाडून काढायची, कोरडा करायचा, तळाला नि कडांना पातळ डांबर मारायचं, मग माल भरून रोलर फिरवायचा. मजुरांना हे कळत नाही असं अजिबात नाही, पण त्याला मशीन लागतं, माल लागतो, आणि गुत्तेदाराची मागचीच बिलं थकलेली असतील तर तो रोलर आणणार कशाला?

मग पैसा अडतो कुठं?

पूर्वी जकात होती, माल नाक्यावर आला की पैसा थेट मनपाच्या गल्ल्यात. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि जुलै 2017 ला जीएसटी लागू झाल्यापासून त्याबदल्यात राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. ते आलं की आधी पगार, पेन्शन, मग लाईटबिल. संभाजीनगरला तर जायकवाडीवरून पाणी उपसून आणायचं, त्याची वीज वेगळी. रस्ते दुरुस्तीचा नंबर येईपर्यंत हातात काय राहतं सांगा. स्वतःचं असं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, त्याची थकबाकी डोंगराएवढी, आणि वसुलीला माणसं कमी. 2021 ते 2026 साठी केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे होते, पण नांदेड, लातूर, परभणीसारख्या शहरांसाठी त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची अट होती.

(दृश्य: उकरलेला रस्ता, बाजूला मोठे पाईप)

आता संभाजीनगरची नवी पाणी योजना घ्या. 2740 कोटींची, त्यात मनपाचा हिस्सा 30 टक्के, म्हणजे 822 कोटी. ज्या मनपाला गुत्तेदारांची बिलं द्यायला जड जातं तिनं हे आणायचे कुठून? पाणी पाहिजेच, त्यावर वाद नाही, या शहरानं नळाला पाणी यायची वाट किती दिवस बघितलीय ते इथल्या बायकांना विचारा. पण त्याच पाईपलाईनसाठी रस्ते उकरले जातात, आणि नंतर चारीवर नुसता मुरूम टाकून सोडलं की पहिल्याच पावसात ती खचते. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते नि पावसाळ्यात फुगते, त्यामुळं खालचा थर नीट दाबला नाही तर वर डांबर असो की सिमेंट, रस्ता टिकत नाही.

मोठी कामं होतच नाहीत असं म्हणणार नाही. 2008 ला शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नांदेडला केंद्राचा भरपूर निधी आला, रस्ते झाले, पूल झाले, शहर बदललं. संभाजीनगरात केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतून 111 रस्त्यांसाठी 317 कोटी मंजूर झाले. पण असा पैसा नवीन कामापुरता असतो, नारळ फुटतो, फोटो येतात, आणि त्यानंतरची 10-15 वर्षं तो रस्ता राखायचा खर्च जिथं पगारालाच ओढाताण आहे त्या तिजोरीवर येऊन पडतो.

बसचं तेच. जानेवारी 2019 ला स्मार्ट सिटीच्या पैशातून संभाजीनगरची शहर बस सुरू झाली, कॉलेजच्या पोरापोरींना, वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांना मोठा आधार झाला. तिकिटावर बसचा खर्च निघत नाही, बहुतेक शहरांत निघत नाही, तूट कुणीतरी भरायची असते. आणि स्मार्ट सिटी मिशन तर मार्च 2025 ला संपलं. आम्हाला विचाराल तर बसची तूट आणि रस्त्यांची देखभाल या दोन्हींचे पैसे बजेटमध्ये वेगळे काढून ठेवावेत आणि दुसऱ्या कशाकडं वळवूच नयेत.

(दृश्य: नवीन काँक्रीट रस्ता, एका कडेला तडा)

तुमच्या गल्लीतला रस्ता नवीन असेल आणि आत्ताच उखडला असेल तर खर्च मनपानं करायची गरजच नसते, दोष दायित्व कालावधी चालू असेपर्यंत दुरुस्ती गुत्तेदारानं स्वतःच्या पैशानं करायची असते. तो कालावधी कधी संपतो, अनामत रक्कम किती अडकवून ठेवलीय, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोष दायित्वाची मुदत संपायच्या आधी विचारा.