मस्टरवरची नावं

(दृश्य: ब्यावर, चांग गेट. सकाळची वर्दळ.)

राजस्थानातलं ब्यावर. ६ एप्रिल १९९६ ला या चांग गेटपाशी मजुरांनी धरणं धरलं, ते ४० दिवस उठले नाहीत. मागणी मजुरीवाढीची नव्हती, रेशनचीही नव्हती. त्यांना हवी होती झेरॉक्स. मस्टरची म्हणजे कामावरच्या हजेरीपटाची, बिलांची, व्हाउचरची.

सरकारी कामावर राबून मजुरी अर्धीमुर्धी हातात पडायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं: मस्टरवर तुमचं काम कमी भरलंय. बरं, मस्टर दाखवा. ते सरकारी कागद, दाखवता येत नाहीत!

(दृश्य: गावातला पार, सतरंजी, ध्वनिक्षेपक.)

डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनने कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. कागदपत्रं भर सभेत मोठ्याने वाचली गेली. अशा सुनवायांमधून मेलेली माणसं कामावर हजर सापडली. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतींना छप्पर नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत विधानसभेत म्हणाले, पंचायतीच्या कामांचे कागद लोकांना मिळतील. आदेश काही निघेना. लोकांकडे पुरावा एकच, दैनिक नवज्योतीत छापून आलेली ती बातमी. तिला बरोब्बर वर्ष झालं, त्याच दिवशी चांग गेटवर धरणं सुरू झालं.

प्रभाष जोशी, कुलदीप नय्यर यांच्यासारखे संपादक पाठीशी आले. त्याच वर्षी कार्यकर्ते, वकील आणि पत्रकारांनी मिळून माहिती अधिकाराची राष्ट्रीय मोहीम उभी केली. कायद्याचा पहिला मसुदा आकाराला आला तो प्रेस कौन्सिलमध्ये, अध्यक्ष आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत असताना. वृत्तपत्रांच्या संस्थेने यात का पडावं? मजुराला जो कागद हवा होता, तोच बातमीदारालाही हवा असतो.

(दृश्य: अर्ज, त्यावर आवक शिक्का.)

१२ ऑक्टोबर २००५. माहिती अधिकार कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने मात्र याच कायद्याच्या कलम ८(१)(जे)ला हात घातला. वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी सार्वजनिक हित तपासावं लागे, ती अट या कलमातून गेली. सरकार म्हणतं, ८(२) मध्ये ती तरतूद आहेच. नागरिकांच्या आणि पत्रकारांच्या संघटनांना ते पटलेलं नाही. कोटकिरानात वाचलेल्या त्या मस्टरवर होतं तरी काय? माणसांची नावं, हजेरी, दिलेली रक्कम आणि अंगठे.