पाचवा पिचर कशाला पोसायचा?

मागे आवाज येतोय ना? बरं. ऑनलाइन बेसबॉल सिम, म्हणजे आपण लाइनअप लावायची आणि मॅच कॉम्प्युटरने खेळायची असा गेम, नव्याने खेळायला लागलेला प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारतो, की माझ्याकडे एक जबरदस्त स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा पिचर (बेसबॉलचा बॉलर), आहे, मग त्याला रोज का उतरवता येत नाही, रोज नाही तर निदान दिवसाआड तरी? क्रिकेटमधला फास्ट बॉलर कसोटीत आज 20 ओव्हर टाकून उद्या परत बॉल मागतो, मग ह्या साहेबांना काय धाड भरलीये?

तर होतं असं की बेसबॉलचा स्टार्टर एका मॅचमध्ये 90-100 पिचेस, म्हणजे बॉल, टाकतो, जवळजवळ प्रत्येक पिच जीव तोडून, आणि नंतर त्याच्या खांद्याला-कोपराला सावरायला दिवस लागतात. म्हणून अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये साधारण पाच जणांची पाळी लावतात, एक दिवस टाक आणि चार दिवस आराम कर. सीझनच्या 162 मॅचेस भागिले 5, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 32-33 स्टार्ट येतात. सिम गेम हाच थकवा टक्क्यांत दाखवतो, हिरवं 100 म्हणजे ताजा, पिवळं म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे तुम्ही मॅनेजर नाही, कसाई आहात.

आता माझी फजिती सांगतो. आमच्या लीगचा सिम रोज रात्री ठरलेल्या वेळी पळतो, त्याआधी लाइनअप लावून ठेवायची. पहिल्या सीझनला माझे चार स्टार्टर मस्त आणि पाचवा अगदीच सुमार, म्हटलं कशाला पोसायचा ह्याला, चौघांवरच भागवू. दोन महिने पहिला नंबर, मी चॅटमध्ये शहाणपणा शिकवतोय वगैरे. मग एस, म्हणजे संघातला सगळ्यात भारी पिचर, मैदानात उतरतानाच 94 टक्क्यांवर दिसायला लागला, पुढच्या खेपेला 90, मग 87. आकडा बघून वाटतं की 87 म्हणजे काय वाईट, पण त्याचे वॉक (चार चुकीचे बॉल पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) वाढले, नऊपैकी पाचव्या इनिंगमध्येच त्याला काढायची वेळ यायला लागली, मग उरलेल्या चार इनिंग बुलपेनने, म्हणजे मधेच येणाऱ्या राखीव पिचरांनी, टाकायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी बुलपेन पिवळं, म्हणजे दुसऱ्या स्टार्टरला थकला तरी आत ठेवायचा, म्हणजे चार दिवसांनी तोही पिवळा. उधारीसारखंच हे, एकदा सुरू झाली की व्याज कोण भरतंय तेच कळत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही चौथे.

तेव्हा पहिल्यांदा बसून हिशेब केला, जो सीझनआधीच करायला हवा होता. 162 मॅचेस गुणिले 9 इनिंग म्हणजे 1458 इनिंग कुणीतरी टाकायच्याच आहेत, त्यातून सुटका नाही. स्टार्टरने सरासरी 6 टाकल्या तर 972 होतात. पाच जणांत वाटल्या तर माणशी 194, चौघांत वाटल्या तर 243. हा जो पन्नासचा फरक आहे ना, तो एसच्या हातातून वसूल होतो. पाचवा पिचर स्वतः मॅचेस जिंकून देईल ही अपेक्षाच चुकीची, तो पहिल्याला विश्रांती विकत घेऊन देतो.

लगेच कुणीतरी म्हणेल की पूर्वी चारच असायचे की. असायचे! 1971 च्या बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅकनॅली, पामर, क्वेयार आणि डॉबसन, चौघांनीही प्रत्येकी 20 किंवा जास्त मॅचेस जिंकल्या. 1972 ला शिकागो व्हाइट सॉक्सच्या विल्बर वुडने एकट्याने 49 स्टार्ट केले, अर्थात तो नकलबॉलवाला, म्हणजे हळू, जवळजवळ न फिरणारा बॉल टाकणारा, त्यात हातावर जोर कमी पडतो. तुमच्या लीगमध्ये जुन्या सीझनची कार्डं (त्या वर्षीच्या आकडेवारीवर बेतलेले खेळाडू) चालत असतील आणि पिचरला त्याच्या खऱ्या इनिंगच्या हिशेबाने दम मिळत असेल तर खुशाल चार लावा, वुडच्या कार्डाला तर तुम्ही थकवूच शकणार नाही. पण आजच्या काळातला 170 इनिंगवाला पिचर घेऊन 1971 ची पाळी लावाल तर माझा ऑगस्ट तुमच्याकडे येईल. उलट जपानमध्ये बहुतेक संघ सहा जण लावतात, आठवड्यातून एकदाच टाकायचं. म्हणजे पाच हा काही वेदवाक्य आकडा नाही, तुमच्याकडच्या लोकांचा दम बघून ठरवायचा.

खरी मजा सुट्टीच्या दिवशी आहे, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. बहुतेक गेममध्ये दोन सेटिंग असतात, एक म्हणजे काही झालं तरी क्रम मोडायचा नाही, दुसरं म्हणजे जो वरचा ताजा असेल त्याला पाठव. समजा मंगळवारी पहिला, बुधवारी दुसरा, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी तिसरा, शनिवारी चौथा. रविवारी कोण? क्रमाने गेलात तर पाचवा. पण बुध, गुरु, शुक्र, शनि असे पहिल्याचे चार दिवस तर भरलेच की! मग रविवारी त्यालाच उतरवा आणि पाचव्याला तेवढ्यापुरतं बुलपेनमध्ये बसवा, कुणी दुसऱ्याच इनिंगमध्ये मार खाल्ला तर लांब टाकायला माणूस तयार. फक्त एक करा, पुढचं शेड्यूल उघडून बघा, सलग 16-17 दिवस सुट्टी नसेल तर हा लोभ नको, तिथे सगळ्यांना एकेक जादा दिवस मिळू द्या. मी हे दर रविवारी चहा घेता घेता करतो, दहा मिनिटं लागतात.

पिच लिमिटही बघा. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की पिचरला जास्त मारतो, हे खऱ्या बेसबॉलमध्येही दिसतं आणि चांगल्या सिममध्येही, त्यामुळे 110 चं लिमिट 95 वर आणलं तर बऱ्याचदा काही बिघडत नाही, उलट पुढच्या वेळी तो हिरवा येतो.

ओपनरबद्दल, म्हणजे सुरुवातीची एखाद-दुसरी इनिंगच टाकायला उतरवलेल्या राखीव पिचरबद्दल, विचारणार असाल तर, हो, टॅम्पा बे रेजने 19 मे 2018 ला सर्जिओ रोमो ह्या रिलीव्हरला (एरवी बुलपेनमधून मधेच येणारा पिचर) स्टार्ट दिला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. मी नक्कल केली. 26 जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त 13, आणि आठवड्याभरात माझे अर्धे लाल. सोडून दिलं.

प्लेऑफमध्ये मात्र सगळं उलटं, सुट्ट्या जास्त, तिथे चार किंवा तीन सुद्धा चालतात. 2014 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या फायनलमध्ये, सान फ्रान्सिस्को जायंट्सच्या बमगार्नरने पाचवी मॅच एकट्याने पूर्ण टाकली, एकही रन न देता, आणि मध्ये फक्त दोन दिवस सोडून सातव्या मॅचमध्ये रिलीव्हर म्हणून येऊन 5 इनिंग कोऱ्या टाकल्या. माझा गेम त्याला लाल दाखवून मोकळा झाला असता.

आणि तो सुमार पाचवा? गेल्या सीझनला 29 स्टार्ट, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) 5.31, लीगमधले हसतात. परवाच त्याचा करार दोन वर्षांनी वाढवला. चला, प्रश्न घेऊ, फक्त माझा एस ट्रेडमध्ये मागू नका.