दहा दिवसांत मावेल का?

वर्धा रोडवर नीरी आहे, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट नागपूरला पोळत होती, तेव्हा इथल्या शास्त्रज्ञांनी तपासणीची एक सोपी रीत पुढे आणली. नाकात काडी घालायचीच नाही. नळीतलं मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, पंधरा सेकंद गुळण्या करायच्या आणि ते परत त्याच नळीत सोडायचं. झाला नमुना तयार, तोही रुग्णाने स्वतःच दिलेला! खेड्यापाड्यांत नमुने घेणारी प्रशिक्षित माणसं कुठून आणायची, हा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला.

संशोधकाची सामाजिक जबाबदारी म्हणतात, ती हीच का?

धोरण आखणारे ती दिवसांत मोजतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली: प्रत्येक संशोधकाने वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत. शाळांत जावं, प्रशिक्षण द्यावं, प्रयोगशाळेची दारं उघडावीत. संशोधन जनतेच्या पैशावर चालतं, तेव्हा ज्ञान जनतेकडे परत जायलाच हवं, हा त्यामागचा विचार. तो रास्तच आहे. वार्षिक मूल्यमापनात या कामाची दखल घ्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. तेही फार गरजेचं, कारण शोधनिबंध मोजले जातात, गावातल्या फेऱ्या कोण मोजतो?

पण प्रयोगशाळेत राबणारा विचारेल: माझं रोजचं काम समाजाचं नाही का? गुळण्यांची ती चाचणी दहा दिवसांच्या हिशोबात कशी बसवणार? जबाबदारी खरी सुरू होते ती प्रश्न निवडताना, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आणि ती शोध लागल्यावर संपतही नाही. पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नीरीचीच. बादलीभर पाण्यात तुरटी आणि चुना घालायचा, हळूहळू ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं. कागदावर किती सोपं! पण प्रत्येक विहिरीचं पाणी वेगळं, म्हणून तुरटीचं प्रमाणही वेगळं. रोजचा हा खटाटोप घरातली बाईच करणार. खाली बसलेला गाळ टाकायचा कुठे? सरकारी फाइलीत योजना पूर्ण झालेली असते, शास्त्रज्ञ पुढच्या प्रकल्पाला लागलेला असतो.

त्या दहा दिवसांतले निदान दोन दिवस तरी आधी दिलेलं तंत्र अजून वापरात आहे का, हे त्या घरी जाऊन बघण्यासाठी राखून ठेवावेत. बंद पडलं असेल, तर का पडलं, हे तिथल्या बाईलाच विचारावं, आणि तिचं उत्तर मूल्यमापनाच्या त्याच अहवालात लिहावं.