नियोकोलो-कोबाचे चिंपांझी: खरी कसोटी मार्च ते मे

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. चिंपांझी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट, ओलं, अंधारं जंगल उभं राहतं. आज ते चित्र बाजूला ठेवा आणि मे महिन्यातला विदर्भ आठवा. निष्पर्ण झाडं, गुडघ्याएवढं जळकं गवत, तापलेला दगड आणि पारा चाळिशीच्या वर. अशा ठिकाणी चिंपांझी राहतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत.

[पडद्यावर नकाशा: सेनेगलचा आग्नेय कोपरा]

हे नियोकोलो-कोबा राष्ट्रीय उद्यान. पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल देश, गांबिया नदीचं खोरं. क्षेत्रफळ सुमारे 9,130 चौरस किलोमीटर. उद्यान 1954 चं, जागतिक वारसा यादीत 1981 पासून. 2007 मध्ये ते 'धोक्यातला वारसा' या यादीत गेलं आणि तिथून बाहेर आलं थेट जुलै 2024 मध्ये. तो निर्णय झाला आपल्याच नवी दिल्लीत, वारसा समितीच्या बैठकीत. शिकारबंदी आणि गस्त सुधारली, सिंह सावरू लागले, म्हणून ती सुटका. पण सिंह सावरला म्हणजे चिंपांझी सावरला, असं गणित नसतं. का, ते आज बघू.

इथला चिंपांझी पश्चिमी उपजातीचा. 1990 ते 2014 या काळात ही उपजात सुमारे 80 टक्क्यांनी घटली. 2016 पासून ती 'अतिसंकटग्रस्त' आहे, आणि बेनिन, बुर्किना फासो, टोगोमधून तर संपलीच. सेनेगल म्हणजे तिच्या पसाऱ्याची उत्तरेकडची कड. कडेवरचा प्राणी आधी पडतो.

आता जमीन समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पाऊस साधारण 1,000 मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या आसपास. पण तो जून ते ऑक्टोबरात उरकतो आणि मग सात महिने कोरडे. वर जांभ्याचे सपाट कातळ, ज्यांना तिथं 'बोवाल' म्हणतात. कोकणातला सडा पाहिला असेल तर तो बोवाल तुम्हाला ओळखीचा वाटेल: पावसात हिरवागार, उन्हाळ्यात तवा. उतारावर विरळ झाडी आणि बांबू. आणि ओढ्यांच्या काठाने, घळींमधून, हिरव्या झाडांचे अरुंद पट्टे. उद्यानातल्या माउंट आसिरिक परिसरात 1970 च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा हे काठवन जेमतेम 3 टक्के जमिनीवर होतं.

हे 3 टक्केच आपला आजचा विषय. बाकीच्या 97 टक्क्यांवर चिंपांझी चरतो, फिरतो. पण एप्रिलमध्ये दुपारी बारा ते चार तो जिवंत राहतो या 3 टक्क्यांत.

[पडद्यावर: सुकलेल्या ओढ्यातलं डबकं]

उद्यानाच्या आग्नेयेला, हद्दीबाहेर, फोंगोली नावाची जागा आहे. तिथं 2001 पासून चिंपांझींच्या एकाच टोळीचा अभ्यास सुरू आहे. टोळी तीसेक जणांची आणि वावर जवळपास 100 चौरस किलोमीटरचा. युगांडाच्या वर्षावनातल्या न्गोगोमध्ये याच्या एक तृतीयांश जागेत दोनशेच्या आसपास चिंपांझी राहत होते. फोंगोलीचे चिंपांझी कडक उन्हाळ्यात गुहांत जाऊन बसतात, पहिल्या पावसाची डबकी भरली की त्यात डुंबतात, चांदण्या रात्री हिंडतात. या टोळीच्या मूत्राच्या नमुन्यांवरून संशोधकांनी पाहिलं की शरीरावर ताण कशाचा जास्त. उत्तर आलं: उपासमारीपेक्षा उष्णतेचा आणि पाण्याच्या कमतरतेचा. म्हणून 'फळझाडं लावा' हा सोपा सल्ला इथं पुरत नाही. आधी सावली आणि पाणी.

लगेच तुमच्या मनात येईल, मग टँकरने पाणवठे भरा की! आपल्याकडे उन्हाळ्यात वनखातं भरतंच. इथं मात्र हात आखडता घ्यावा, असं माझं मत. एक म्हणजे नवं पाणी दिसलं की गुरं येतात, आणि गुरांमागे गुराखी. दुसरं, कायमच्या पाण्यावर शिकारी दबा धरतो, कारण जनावर कुठं येणार हे त्याला नक्की ठाऊक असतं. तिसरं, एकाच डबक्यावर बबून, चिंपांझी आणि गुरं गोळा झाली की विष्ठेतून परजीवी फिरतात. त्यापेक्षा जे झरे मे अखेरपर्यंत टिकतात त्यांची यादी करा, जीपीएसवर नोंदवा आणि गस्त तिकडे वळवा. फेब्रुवारीत वाहणारा ओढा पाहून खूश होऊ नका. मेमध्ये त्याच जागी जा. वाळू कोरडी दिसली तरी चिंपांझीने हाताने उकरलेला खड्डा आहे का बघा. असेल तर खाली ओल आहे, आणि ती जागा यादीत गेली पाहिजे.

पाण्याचा आणखी एक शत्रू म्हणजे मिमोसा पिग्रा, काटेरी झुडूप, आपल्या लाजाळूचं दांडगं भावंड. नियोकोलो-कोबाची तळी ते झाकून टाकतं. नुसतं तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, आणि शेंगा पाण्यावर तरंगत पुढच्या तळ्यात जातात. म्हणून शेंगा धरायच्या आत, मुळासकट उपटायचं. बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे एकदा साफ केलेल्या तळ्यावर पुढची कित्येक वर्षं फेरी मारावी लागते. पहिल्या वर्षी फोटो काढून मोकळं होणाऱ्यांचं तळं पुन्हा भरतं.

[पडद्यावर: गवताळ उतारावर रेंगाळणारी आग]

आता वणवा. यावर जरा थांबू.

इथं गवत दरवर्षी पेटतंच. प्रश्न एवढाच, की कधी. फोंगोलीचे चिंपांझी आगीला घाबरून सैरावैरा पळत नाहीत. आग कुठं सरकणार याचा अंदाज घेऊन बाजूला होतात, शांतपणे. म्हणजे आग चिंपांझीला मारते असं नाही, ती त्याची सावली मारते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत खडखडीत वाळलेलं असतं, ईशान्येकडून कोरडा हरमॅटन वारा वाहत असतो. तेव्हा लागलेली आग काठवनाच्या कडेला शिरते. मोठं झाड वाचतं, पण पोरसवदा रोपं जळतात. असं दहा-पंधरा वर्षं झालं की काठवनाची कड आत सरकते. जो पट्टा आधीच पन्नास पावलं रुंद आहे, तो किती सरकणार?

त्यावर उपाय म्हणजे लवकरची जाळपट्टी. पाऊस संपल्यावर गवताचे शेंडे पिवळे पडतात, पण बुडखा अजून ओला असतो, ती वेळ पकडायची. आधी हातभर जागेत पेटवून पाहा. ज्वाळा गुडघ्याच्या खाली राहिली आणि मागे काही ठिपके न जळता उरले, तर वेळ बरोबर. सरसर धावली तर उशीर झाला, पेटलीच नाही तर आठवडाभर थांबा. दिवस कलताना पेटवायचं, म्हणजे रात्रीच्या दवाने आग आपोआप बसते. काठवनाच्या बाहेर दोन समांतर पट्टे खरवडून साफ करायचे आणि मधलं गवत जाळायचं. आपल्या वनरक्षकांची जाळरेषा हीच. आणि आधी कुठली कड? जिथं मेपर्यंत टिकणारा झरा आहे, ती.

चुका कुठं होतात? मनुष्यबळ नाही म्हणून काम डिसेंबरअखेरपर्यंत ढकललं जातं. मग तीच 'नियंत्रित' आग हाताबाहेर जाते. दुसरी चूक, जीप जाते त्या रस्त्याकडेलाच सगळी पट्टी जाळायची. हिशोबात किलोमीटर भरपूर दिसतात, घळ मात्र उघडीच. तिसरी गोष्ट चूक नाही, परिणाम आहे: जळल्यावर कोवळा हिरवा पाला फुटतो, हरणं तिथं येतात, आणि शिकाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणून जाळपट्टीनंतरच्या आठवड्यांत त्या भागात गस्त हवीच.

[कॅमेऱ्यासमोर]

हे सगळं करून उपयोग झाला का, हे कसं कळणार? मोजून. आणि इथं भल्याभल्यांची गफलत होते.

चिंपांझी दिसत नाहीत, पण घरटी दिसतात. दूध सुटलेला प्रत्येक चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर नवं घरटं बांधतो. चार-पाच वर्षांपर्यंतचं पिल्लू आईच्याच घरट्यात. खालून पाहिलं तर काटक्यांचा ढीग वाटतो, पण नीट पाहा: फांद्या झाडालाच जोडलेल्या असतात, आतल्या बाजूला वाकवून एकमेकींत अडकवलेल्या. पक्ष्याच्या घरट्यात काटक्या बाहेरून आणलेल्या असतात. हा फरक शिकायला अर्धा दिवस पुरतो.

मग सरळ रेषेत चालायचं, दिसलेल्या प्रत्येक घरट्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर मोजायचं. एक नमुना हिशोब घेऊ, आकडे समजण्यापुरते.

[पडद्यावर आकडेमोड]

120 किलोमीटर चाललो. 84 घरटी दिसली. अंतरांवरून परिणामकारक रुंदी, म्हणजे जेवढा पट्टा आपण पूर्ण पाहिला असं हिशोबात धरायचं ती, निघाली दोन्ही बाजूंना 30-30 मीटर. म्हणजे पाहिलेलं क्षेत्र 7.2 चौरस किलोमीटर, आणि घरट्यांची घनता चौरस किलोमीटरला सुमारे 11.7. आता याला दोन गोष्टींनी भागायचं: एक चिंपांझी दिवसाला किती घरटी बांधतो, आणि घरटं किती दिवस टिकतं. दुपारच्या विश्रांतीचं घरटंही असतं, म्हणून पहिला आकडा एकाहून किंचित जास्त, 1.09 धरू. घरटं 100 दिवस टिकतं धरलं तर उत्तर येतं चौरस किलोमीटरला 0.107 चिंपांझी, म्हणजे 1,000 चौरस किलोमीटरला 107 चिंपांझी. घरटं 150 दिवस टिकतं धरलं तर? 71. एकही चिंपांझी मेला नाही, आणि 36 कागदावरून गायब!

म्हणून टिकण्याचे दिवस दुसऱ्या देशातल्या वर्षावनातून उसने घ्यायचे नाहीत. तिथल्याच ताज्या घरट्यांना खूण करायची, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या झाडांवर, आणि ती पार विस्कटेपर्यंत फेऱ्या मारायच्या. कोरड्या हंगामात घरटं जास्त टिकतं, पावसात लवकर विस्कटतं. शिवाय पानगळीत घरटं लांबून दिसतं, पावसाळ्यात दहा पावलांवरचं सुटतं. त्यामुळे दोन हंगामांची अंतरं एकाच हिशोबात ओतू नका. आणि साठ-ऐंशी नोंदींच्या खाली रुंदीचा अंदाज डगमगतो. सवानात, म्हणजे अशा गवताळ, विरळ झाडांच्या रानात, चिंपांझी विरळ, म्हणजे तेवढ्या नोंदींसाठी पाय बरेच झिजवावे लागतात.

कॅमेरा ट्रॅप लावले तर हे टळेल का? थोडंफार. पण एक खोच आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर हालणाऱ्या वस्तूच्या आणि पार्श्वभूमीच्या तापमानातला फरक ओळखतो. एप्रिलच्या दुपारी दगड, हवा आणि चिंपांझीचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं. चिंपांझी समोरून जातो, कॅमेरा झोपलेला. आणि आपल्याला सर्वात हवे असलेले नेमके तेच तास कोरे येतात. म्हणून पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याला दर काही मिनिटांनी आपोआप फोटो घ्यायलाही लावायचं. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात येत नाही. समोरचं गवत साफ, नाहीतर वाऱ्याने हललेल्या पात्याचेच हजार व्हिडिओ. आणि ज्या झाडाला बांधला त्याच्या बुंध्याभोवतीचं गवतही काढा, कारण वणवा कॅमेरा ओळखत नाही.

[पडद्यावर: छाटलेलं झाड]

आता हद्दीबाहेरचं. प्राण्याला हद्दीचा दगड कळत नाही. केदुगू भागात सोन्यासाठी हाताने खणलेल्या खाणी आहेत. खड्डे ओढ्याकाठीच पडतात, माती धुवायला पाणी उपसलं जातं, आणि सोनं वेगळं करायला पारा. म्हणजे पुन्हा तेच 3 टक्के. कोरड्या हंगामात गुराखी 'वेन' या झाडाच्या फांद्या चाऱ्यासाठी छाटतात. हे झाड आपल्या बिबळा (बीजा) या वृक्षाच्या वंशातलं. लाकडाला चीनमधून एवढी मागणी आली की 2017 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला.

आणि साबा. करवंदाच्या कुळातली वेल, तसाच चीक, आत केशरी आंबट गर. पावसाच्या तोंडावर, बाकी फारसं काही नसताना, चिंपांझी हे फळ भरपूर खातात. त्याच वेळी गावातल्या बायका ते तोडून बाजारात नेतात आणि घरखर्च चालवतात. इथं बंदीचा फलक लावणं म्हणजे भांडण विकत घेणं. जमण्यासारखं आहे ते असं: झऱ्याजवळच्या वेली सोडायच्या, वेल तोडून खाली ओढायची नाही, पिकलेलंच फळ काढायचं. कच्चं फळ तोडून घरी पिकवलं की चिंपांझीच्या वाट्याला काहीच उरत नाही. हे ठरवताना तोडणाऱ्या बायका बैठकीत असल्या पाहिजेत. नुसते गावचे पुढारी बसवले तर ठराव कागदावरच राहतो.

शेवटचं, जवळ जाणाऱ्यांसाठी. माणसाची सर्दी चिंपांझीला मारू शकते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माणसांकडून आलेल्या श्वसनविषाणूंनी चिंपांझी मेलेले आहेत. मास्क, किमान 10 मीटर अंतर, आणि नाक वाहत असेल तर त्या दिवशी छावणीतच बसा. मादीला साधारण पाच वर्षांनी एक पिल्लू होतं. तीस जणांच्या टोळीत दोन माद्या गेल्या, तर ती जागा भरून यायला दशक लागतं.